मेन स्विच सपरीत आणताना

घर वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं, कवेलूचं (कौलारू). पुढे सपरी (ओसरी), मधे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी, परसात गुरांचा कोठा. मीटर सपरीच्या भिंतीवर होतं, पण मेन स्विच मधल्या खोलीत, दाराच्या मागे आणि पार वर, वाशांना लागून. दिवाळीनंतर याच खोलीत वेचणीचा कापूस पडतो. ढीग चढला की मेनपर्यंत जायला कापूस तुडवत जावं लागतं, आणि ठिणगी पडली तर तीही कापसावरच पडणार. कापूसपट्ट्यात अशी घरं भरपूर आहेत. बांधकामाच्या वेळी पहिली वायर जिथून आत घुसली तिथं लाकडी फळी ठोकून मेन बसवला जातो, पुढे खोलीचा उपयोग बदलतो आणि फळी तिथंच राहते. हा मेन काढून सपरीत, मीटरजवळ आणायचा होता.

नियम सरळ आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम (२०१० चे, आता त्यांच्या जागी २०२३ चे) सांगतात की, ग्राहकाचा पुरवठा जिथं सुरू होतो त्याच्या पुढे, पण शक्य तितक्या जवळ, एकाच दांडीनं सगळे ध्रुव तोडणारा स्विच किंवा सर्किट ब्रेकर हवा. हात सहज पोचेल, सहज चालवता येईल आणि घराचा पुरवठा पूर्ण तुटेल असा. आमच्या धंद्यात या वाक्यातलं ‘सहज पोचेल’ सगळ्यांच्या लक्षात राहतं आणि ‘जवळ’ विसरलं जातं. खरं महत्त्व जवळ असण्याला आहे. मीटरपासून मेनपर्यंतच्या वायरीला घरातलं कुठलंच संरक्षण नसतं. तिच्यात शॉर्ट झाला तर ती तोडणार कोण? मीटरआधीचा कटआउट (कंपनीचा फ्यूज), नाहीतर खांबावरचा फ्यूज. खांबावरच्या फ्यूजमध्ये मोजून तार घातलेली असते असं गृहीत धरून काम करणारा वायरमन आम्ही तरी पाहिला नाही. म्हणून हा तुकडा जितका आखूड, तितका धोका आखूड. या घरात तो भिंतीतून निघून कवेलूखालच्या वाशांवरून, उंदरांच्या वाटेनं, सातेक मीटर गेला होता, आणि मधे एक पीळ मारलेला जोड होता. टेप वाळून सुटला होता.

अमेरिकेच्या विद्युत संहितेतही तोडणीची जागा घराबाहेर, किंवा आत असेल तर वायर जिथून घरात शिरते त्याच्या लगत, असं सांगितलं आहे, आणि न्हाणीत ती ठेवायला मनाई आहे. २०२० च्या आवृत्तीपासून एक-दोन कुटुंबांच्या घरांना बाहेरून, पटकन हात जाईल असा आणीबाणीचा स्विच सक्तीचा झाला. आग विझवायला आलेल्या माणसाला पेटत्या घरात शिरून मेन शोधावा लागू नये, हा हेतू. आपल्याकडे बाहेरच हवा असं बंधन नाही, पण खेड्यातल्या घराला सपरी असते आणि तिथं मेन बसवला की ते काम आपोआप होतं. शेजारी धावत आला तरी त्याला तो दिसतो.

सपरीतली जागा निवडायला बाकी कामापेक्षा जास्त वेळ द्यावा. मीटरच्या डावीकडे भिंत मोकळी दिसली म्हणून लगेच खुंट्या ठोकल्या नाहीत. सपरी पश्चिमेला उघडी होती. आपल्याकडचा पाऊस पश्चिम-नैऋत्येकडूनच झोडपतो, आणि उन्हाळ्यात चार वाजताचं ऊन त्याच भिंतीवर पडतं. एमसीबी म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. त्याचा अँपिअरचा आकडा ३० अंश तापमान धरून ठरवलेला असतो. एप्रिल-मेमध्ये सावलीतच ४५ अंश असतं तेव्हा उन्हातल्या बंद डब्यात काय असेल? तिथं ३२ अँपिअरचा एमसीबी ३२ च्या बराच आधी पडू लागतो, आणि घरमालक मग ‘मोठा टाकून द्या’ म्हणतो. मोठा टाकायचा नसतो, डबा सावलीत न्यायचा असतो. म्हणून सपरीच्या आतल्या कोपऱ्यातली, उत्तरेकडे तोंड असलेली आडभिंत घेतली. मीटरपासून सव्वा मीटर.

कोणत्या जागा सोडायच्या हे भारतीय मानकात, आयएस ७३२ मध्ये, बरंच स्पष्ट आहे. न्हाणीत नाही, संडासात नाही, चुलीच्या किंवा मोरीच्या वर नाही, धुण्याच्या जागेपासून अडीच मीटरच्या आत नाही. बोर्डाची उंची जमिनीपासून दोन मीटरच्या वर नको. यात खेड्यासाठी आम्ही आमची भर घालतो. कापूस, कुटार (भुसा) किंवा पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) जिथं साठते ती खोली नाही. कोठा नाही, कारण गोमूत्राच्या वाफेनं पितळ आणि तांबं हिरवं पडतं आणि बैल भिंतीला अंग घासतात. खताची पोती जिथं राहतात तिथं नाही, युरिया ओल ओढून घेतो आणि स्क्रू गंजवतो. कूलरच्या खिडकीशेजारी नाही. आणि दाराच्या मागे तर नाहीच, कारण दिवसभर दार उघडं असतं म्हणजे बोर्ड दिवसभर झाकलेला असतो. या घरात दांडी दीड मीटरवर येईल असं धरलं. घरातल्या सगळ्यात बुटक्या मोठ्या माणसाचा हात जायला हवा आणि पाच वर्षांच्या पोराचा जायला नको, एवढाच हिशोब. समोर मीटरभर जमीन मोकळी राहिली पाहिजे. मोकळी जागा दिसली की पोती येतात, म्हणून डब्याच्या खाली फरशीवर पिवळा पट्टा मारला. पट्ट्यानं पोती थांबतील याची खात्री नाही, पण निदान बोलायला आधार होतो.

सामान असं लागलं. हवामानाला टिकणारा, रबर लावलेल्या झाकणाचा प्लास्टिकचा बारा मॉड्यूलचा (खणांचा) डबा. ३२ अँपिअरचा डबल पोल (दोन्ही वायरी एकदम तोडणारा) एमसीबी, सी प्रकारचा, १० किलोअँपिअर तोडण्याच्या क्षमतेचा. ४० अँपिअरचा, ३० मिलीअँपिअर वीज जमिनीकडे गळली की पडणारा डबल पोल आरसीसीबी. पुढे सिंगल पोल एमसीबी: दिव्या-पंख्यांना ६ अँपिअरचे दोन, कूलरला १० चा एक, १६ अँपिअरच्या सॉकेटांना २० चा एक. मीटर ते मेन सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, दिव्यांना दीड, कूलरला अडीच, मोठ्या सॉकेटला चार. फेज (जिवंत वायर) लाल, न्यूट्रल (परतीची) काळा, अर्थ हिरवा. दिव्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट आणि ८०० वॅटपेक्षा जास्त भार घेत नाही. आरसीसीबीचा आकडा मेनपेक्षा मोठा मुद्दाम घेतला आहे. आरसीसीबी फक्त गळती ओळखतो, जास्त भारानं तो स्वतः पडत नाही, जळतो. त्याला मागचा ३२ चा एमसीबी सांभाळतो.

भाराचा हिशोब: दोन कूलर, फ्रिज, घरघंटी, अर्ध्या अश्वशक्तीचा पाण्याचा पंप, इस्त्री, मिक्सर, दिवे आणि पंखे. सगळं एकदम चालू धरलं तरी साडेतीन-चार किलोवॅट, म्हणजे १७ अँपिअरच्या आसपास. ३२ पुरेसा आहे. मंजूर भार मात्र बिलावर एक किलोवॅटच दिसत होता, तो वाढवून घ्यायचा अर्ज त्याच वेळी भरून घेतला.

मीटर आणि त्याच्या आधीचं सगळं कंपनीचं. मीटरच्या टर्मिनलवरचं सील आपण फोडायचं नसतं, मग काम दहा मिनिटांचं का असेना. वीज कायदा २००३ मध्ये मीटरशी छेडछाड हा गुन्हा आहे, आणि पुढे वाद झाला तर ‘वायर बदलायला उघडलं होतं’ हे कोणी ऐकत नाही. अर्ज दिला, सोबत परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडला, आणि लाइनमन येईल त्या दिवशी सकाळपर्यंत बाकीची सगळी तयारी करून ठेवली. डबा बसलेला, पाइप टाकलेले, नवी वायर मीटरच्या बुडाशी येऊन थांबलेली. लाइनमननं खांबावरून पुरवठा तोडला. त्यानंतरही टेस्ट लॅम्प फेज-न्यूट्रल, फेज-जमीन आणि न्यूट्रल-जमीन असा तिन्हीकडे लावून पाहिला, आणि त्याआधी तो लॅम्प शेजारच्या चालू सॉकेटवर पेटतो का हेही पाहिलं. फ्यूज गेलेल्या टेस्टरनं ‘सप्लाय नाही’ म्हटल्यावर हात घातलेली माणसं आहेत.

जुना मेन उघडल्यावर किटकॅट (चिनी मातीचे फ्यूज) दोन्हीकडे निघाले, फेजवरही आणि न्यूट्रलवरही. ही जुनी पद्धत वाईट आहे. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर घर अंधारात जातं, पण प्रत्येक होल्डरपर्यंत फेज जिवंत राहतो, आणि ‘लाइन नाही’ समजून माणूस बल्ब काढायला चढतो. न्यूट्रलवर एकटा फ्यूज कधीच नको. तोडायचं तर दोन्ही एकत्र, एका दांडीनं. सातेक मीटरची जुनी वायर कापून टेप मारून वाशांवर सोडून दिली नाही, शेवटापर्यंत ओढून काढली. सोडलेलं टोक आज मेलेलं असतं, पुढच्या वर्षी कोणीतरी त्याला बल्ब जोडतो.

पाइपातून वायर डब्यात वरून न आणता खालून आणली. वरून आणलेल्या वायरीच्या अंगानं पाणी आत उतरतं. खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरलाही भिंतीत शिरण्याआधी खाली झोल देऊन घेतला, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकतं. वायरीचा ताण जीआयच्या तारेवर, वायरीवर नाही. खालच्या भोकांना ग्लँड लावले आणि उरलेल्या फटी एम-सीलनं बुजवल्या. हे अति वाटेल, पण पावसाळ्यात बोर्ड बंद पडण्याच्या तक्रारीत पाल हा मोठा भाग असतो. डब्यात ऊब असते, किडे असतात, पाल येते आणि दोन टर्मिनलांच्या मधे चिकटते. मुंग्या तर स्क्रूच्या भोकातच माती भरतात.

सर्व्हिस वायर ॲल्युमिनियमची, आतली तांब्याची. ही दोन एकमेकांना पीळ मारून जोडायची नाहीत. ओल मिळाली की ॲल्युमिनियम गंजून झिजतं, जोड सैल होतो, सैल जोड तापतो आणि तापून आणखी सैल होतो. मीटरचं टर्मिनल हाच त्यांचा सांधा, मधे दुसरा नको. तांब्याच्या बारीक तारांच्या वायरीला फेरूल (टोकाची धातूची टोपी) चढवून मगच एमसीबीत कसली. सगळे स्क्रू दोनदा कसले: एकदा बसवताना, एकदा तासभर भार चालवून मेन बंद केल्यावर.

आता अर्थिंग, ज्यावर आम्ही गावागावांत भांडतो. खेड्यात खांबावरून बहुतेक वेळा दोनच वायरी घरात येतात. अर्थ घरानं आपला करायचा असतो. इथं न्हाणीच्या मोरीचं पाणी जिरतं त्या बाजूला, पायापासून दीड मीटरच्या पलीकडे, ४० मिलिमीटर व्यासाचा अडीच मीटरचा जीआय पाइप खड्ड्यात उभा केला. काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, पण उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पाइपाला सोडून देते. जी अर्थिंग ऑगस्टमध्ये छान मोजली ती मे महिन्यात कुठल्या कुठे गेलेली असते, आणि नेमके मे महिन्यातच कूलर चालू असतात. म्हणून पाण्याजवळची जागा आणि वर पाणी ओतायला फनेल.

समजा अर्थिंग २० ओहमची आहे, खेड्यातल्या मानानं चांगलीच म्हणायची. कूलरच्या पत्र्याला फेज लागला. अर्थमधून जाणारा प्रवाह २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १० चा एमसीबी एवढ्यानं लवकर पडत नाही. सी प्रकाराला झटकन पडायला पाच ते दहा पट लागतात. ३२ चा तर ढिम्म हलणार नाही. तोवर पत्रा जिवंत. म्हणजे ‘अर्थिंग केली आहे, एमसीबी आहे’ एवढ्यावर कूलरपासून माणूस वाचत नाही. वाचवतो आरसीसीबी, तो ३० मिलीअँपिअरवर पडतो. अर्थ २० ऐवजी २०० ओहमचा झाला तरी १.१५ अँपिअर गळती होते, आरसीसीबीला लागते त्याच्या ती जवळजवळ चाळीसपट आहे. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं जातात. पाणी भरताना कूलर बंद करा हे सगळेच सांगतात, आरसीसीबी लावा हे फार थोडे.

अर्थिंग टेस्ट लॅम्पनं तपासायची सवयही फसवी आहे. १०० वॅटच्या बल्बचा रोध पेटल्यावर ५०० ओहमच्या वर असतो. त्याच्यापुढे अर्थिंग ५ ओहमची असो की २० ची, बल्ब सारखाच लख्ख पेटतो. १०० ओहमला तो जेमतेम मंद दिसतो. लॅम्प एवढंच सांगतो की तार तुटलेली नाही. मोजायला अर्थ टेस्टरच हवा.

आणि एक गोष्ट चार घरांतल्या एका घरात दिसतेच: तीन पिनच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ आतून तुकड्यानं जोडलेले. करणाऱ्याला ती फुकटची अर्थिंग वाटते. त्या घराचा न्यूट्रल कुठं तुटला की फ्रिजचा, कूलरचा, मिक्सरचा पत्रा त्याच तुकड्यातून फेजवर येतो. इथं तसे दोन सॉकेट निघाले.

गावच्या डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) न्यूट्रल तुटला तर वेगळाच घोळ होतो. दोन फेजमधला दाब (व्होल्टेज) घराघरात वाटला जातो, कुणाकडे दिवे मिणमिणतात, कुणाकडे साडेतीनशे व्होल्ट जाऊन टीव्ही-फ्रिज जळतात. एमसीबी आणि आरसीसीबी दोघांनाही दाब कळत नाही. दाब २७०-२८० च्या वर गेला की तोडणारं एक उपकरण मेनच्या पुढे बसतं. डब्यात त्याच्यासाठी दोन मॉड्यूल रिकामे ठेवले आहेत.

काम झालं असं वाटलं तेव्हा घरच्या काकाजींनी मेन पाडून पाहिला आणि म्हणाले, “मेन तं बंद केला भाऊ, पंखा तं फिरूनच राह्यला!” आतल्या खोलीत इन्व्हर्टर होता. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइन गेली, तो लगेच बॅटरीवर येतो आणि दिव्यांच्या सर्किटात २३० व्होल्ट सोडतो. मेन बंद करून दिव्याच्या वायरीला हात घालणारा इथंच सापडतो. इन्व्हर्टरच्या आउटपुटला १० अँपिअरचा वेगळा डबल पोल एमसीबी मेनच्या शेजारी आणून बसवला आणि दोन्हींवर मिळून ऑइल पेंटनं लिहिलं: ‘घर बंद करायचं तर दोन्ही पाडा’. इन्व्हर्टरवरच्या दिव्यांचा न्यूट्रलही वेगळा काढला. तो बाकीच्या न्यूट्रलमध्ये मिसळला असता तर आरसीसीबीला जाणारा-येणारा प्रवाह जुळला नसता आणि तो विनाकारण पडत राहिला असता. पुढे छतावर सोलर आलं तर त्याचाही तोडणी स्विच याच भिंतीवर यायला हवा.

चालू करण्याआधी सगळी उपकरणं काढून, बल्ब उतरवून ५०० व्होल्टच्या मेगरनं (वायरीच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्रानं) प्रत्येक सर्किट मोजलं. फेज-न्यूट्रल आणि दोन्हींपासून अर्थ. किमान एक मेगओहम हवा. नव्या वायरी शंभरच्या वर दाखवत होत्या. स्वयंपाकघराची जुनी लाइन ०.३ वर आली, ती बदलली. मग लाइन घेतली आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं. तो खटकन पडला. हे बटण फक्त उपकरण जिवंत आहे एवढं सांगतं, अर्थिंगबद्दल काहीच नाही. घरच्या बाईंना ते दाखवलं आणि त्यांच्याच हातानं दोनदा दाबून घेतलं. महिन्यातून एकदा पुरे. वर्षानुवर्षं न दाबलेला आरसीसीबी आतून जाम होतो.

पहिल्या पावसात आरसीसीबी पडला आणि उठेना. अशा वेळी गावात पहिला सल्ला असतो तो ‘बायपास करून टाका’. खरं तर शोध सोपा आहे. सगळे सिंगल पोल एमसीबी पाडायचे, आरसीसीबी उचलायचा, मग एकेक एमसीबी चढवायचा. ज्यावर आरसीसीबी पडेल ते सर्किट दोषी. सगळे पाडूनही आरसीसीबी उठत नसेल तर दोष बहुधा न्यूट्रल कुठंतरी अर्थला लागल्याचा असतो, कारण सिंगल पोल एमसीबी न्यूट्रल तोडत नाही. तेव्हा प्लग काढत जायचं आणि न्यूट्रलच्या वायरी पट्टीवरून एकेक सोडवत जायचं. इथं कूलरचा एमसीबी चढवला की पडत होता. कूलरचा प्लग काढला, राहिला. कूलरच्या टाकीतल्या पंपाचा प्लग वेगळा केला तर कूलरही चालला. पंपाच्या वायरीला टाकीच्या कडेनं घासून चीर पडली होती आणि ती पाण्यात होती. नवा पंप टाकताना वायर पत्र्याच्या कडेवरून न नेता रबरी बुश बसवलेल्या भोकातून नेली.